पोळ्याच्या रांगेतली अमेरिकन गाडी

श्रावण सरत आला की देवळीच्या बाजारात रंगाच्या पुड्या, बेगड, गोंडे आणि कवड्यांच्या माळा घेऊन माणसं रस्त्यावर बसतात. बैल कमी झाले, विकणारे काही कमी झाले नाहीत. काल दुकान बंद करून घरी येताना एका बाईने मला हाक मारली, "ताई, बाशिंग घ्या नं! बैल किती हाय घरी?" म्हटलं, एकही नाही. "मंग ट्रॅक्टरले बांधा," ती म्हणाली. आमचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, ट्रॅक्टर नाही. पण एवढं तिला कुठे सांगत बसू? मी दोन गोंडे घेतले आणि पिशवीत टाकून चालू लागले.

हे दिवसच तसे. 'पोळा, अन् पाऊस झाला भोळा' असं म्हणतात. म्हणजे पाऊस आता येतो, पण आल्यासारखं करतो. मध्येच कडक ऊन पडतं आणि काळ्या रानातून वाफ निघते. पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, पात्या धरलेल्या असतात, फवारणीच्या औषधाचा उग्र वास संध्याकाळी गावात शिरतो, वाळत घातलेले कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात. या दिवसांत माझ्या सासऱ्यांना त्यांचे बैल आठवतात, लाल्या आणि बांड्या. मला मात्र एक मोटारसायकल आठवते.

माझा नवरा अविनाश ती नागपूरहून घेऊन आला तेव्हा थंडीचे दिवस होते. अमेरिकन गाडी, दुसऱ्या हाताची. पुढे परातीएवढा गोल दिवा, पाण्याच्या थेंबाच्या आकाराची टाकी, मागे दोन बाजूंना चामड्याच्या पिशव्या, पाय ठेवायला फळीसारखे पाट, आणि जिथे तिथे चकाकणारं लोखंड. कंपनीने आजच्या काळात बनवलेली, पण आजोबांच्या काळातली वाटावी अशी मुद्दाम घडवलेली. मी दारात उभी राहून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो माझ्या स्वभावाला शोभेल असाच होता. "ही घरात शिरणार कशी?"

खरंच सहजी शिरली नाही. तिला मागे जायचा गिअर नव्हता. आमच्या गल्लीला उतार, अंगणाचं फाटक अरुंद. रोज बाहेर काढायची तर सीटवर बसून दोन्ही पायांनी रेटत मागे न्यायची. गावातल्या गतिरोधकांवर तिचं पोट घासायचं. शेताकडच्या पांदणीच्या चिखलात ती जाणं शक्यच नव्हतं, म्हणून वावरात जायचं झालं की तिला डांबरी रस्त्यावर लिंबाखाली उभी करून आम्ही पायी जायचो. उन्हाळ्यात इंजिनाची अशी धग लागायची की उजवा पाय वांग्यासारखा भाजून निघावा. इतके गैरसोयीचे लाड मी अविनाशचे स्वतःचेसुद्धा कधी केले नाहीत.

मग तिच्यात होतं तरी काय? मी हे त्याला अनेकदा विचारलं, कधी चिडून, कधी खरोखर कळावं म्हणून. एकदा तो म्हणाला, "तू उचलून पाह्य तिले." मी हँडल धरून तिला तिरक्या स्टँडवरून सरळ करायचा प्रयत्न केला. हलली नाही. तीन क्विंटलच्या वर वजन. तो हसला आणि म्हणाला, "बस, हेच. आजकाल जे हाती घ्यावं ते पोकळ लागते. हिच्यात वजन आहे. हिले धरून उभं राह्यलं की मले मी असल्यासारखं वाटते." मला ते तेव्हा फार पटलं नाही. पुरुष माणसं हौसेला तत्त्वज्ञान चिकटवतात, असं मी मनात म्हटलं.

सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, मात्र ती एका दिवसात कळली. त्याच्या दोन वर्षं आधी गुडघे गेले म्हणून त्यांनी बैलजोडी विकली होती, आणि तेव्हापासून ते सकाळी उठून रिकाम्या गोठ्यात एक चक्कर मारून यायचे. त्यांनी गाडीभोवती फिरून पाहिलं, टाकीवर थाप मारली, मागचं टायर अंगठ्याने दाबलं. अविनाशने सुरू केली तेव्हा मान तिरकी करून ऐकत राहिले. इंजिन भरभर नाही, सावकाश वाजायचं, एक ठोका, मग जरा थांबून दुसरा. "आपल्या विहिरीवरच्या जुन्या इंजिनावानी वाजते," ते म्हणाले. मग वजन विचारलं. अविनाशने सांगितलं. "म्हंजे एका बैलाएवढी. जोडीतला दुसरा कुठं हाय?"

खरं सांगायचं तर मीही भुललेच. रविवारी सकाळी आम्ही सेलूकडून सिंदी रेल्वेपर्यंत जायचो. दोन्ही बाजूंना तुरी, कापूस, मध्येच संत्र्याची बाग. तो कधी जोरात चालवायचा नाही. त्या गाडीला घाई शोभतच नाही. रेल्वेचं फाटक पडलेलं असलं की तो इंजिन बंद करायचा आणि आजूबाजूची माणसं गोळा व्हायची. कापसाच्या गाड्यांवरचे लोक उतरून यायचे. "किती देते?" हा पहिला प्रश्न, आणि लिटरमागची सरासरी ऐकून सगळ्यांचा चेहरा पडायचा. एक म्हातारे गृहस्थ तर मला म्हणाले, "बाई, याच्यापेक्षा म्हैस घेतली असती!" मालगाडी निघून जाईपर्यंत गप्पा चालायच्या. मागे बसून त्याच्या पाठीला टेकलं की इंजिनाचे ठोके माझ्या बरगड्यांत यायचे. चाळिशी उलटलेल्या बाईला असं काही आवडावं याची मला लाज वाटायची, आणि तरी पुढच्या रविवारी मीच आधी तयार व्हायचे.

उन्हाळ्याच्या शेवटी अविनाश म्हणू लागला की क्लच जड झाला. डावा हात दुखतो, बोटं दाबली जात नाहीत. त्याने तेल घातलं. नागपूरला नेऊन केबल बदलून आणली. घरी आल्यावर दोन दिवस बरं वाटलं म्हणाला, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "नवीन केबल खराब निघाली," म्हणाला आणि ज्याने बसवली त्याला फोनवर अद्वातद्वा बोलला. आम्ही सगळ्यांनी त्या गाडीलाच दोष दिला. मी तर सर्वांत जास्त. अमेरिकेतल्या धिप्पाड माणसांसाठी बनवलेली गाडी ही, आपल्या हाडापेराची नव्हेच, असं मी ठणकावून सांगितलं. मग एका सकाळी तो दुकानात जायला निघाला आणि आरशासमोर उभाच राहिला. सदऱ्याचं बटण त्याच्या डाव्या हाताला लावता येत नव्हतं.

त्या आजाराचं नाव लांबलचक आहे, ते मला इथे लिहायचं नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी नीट बसवून समजावलं. शरीरातले स्नायू एकेक करून निकामी होतात. हात, पाय, जीभ, घसा, शेवटी श्वास. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहतं. डॉक्टरांनी हे चांगल्या बातमीसारखं सांगितलं. मला तेव्हाच वाटलं, देवा, निदान ते तरी घेऊन जायचं होतंस. परतीच्या बसमध्ये अविनाश खिडकीबाहेर पाहत होता. बुटीबोरी मागे गेल्यावर म्हणाला, "म्हंजे केबल चांगलीच होती. त्या पोराले उगाच बोललो."

तो आषाढ होता. श्रावणात त्याने गाडी रस्त्यावर नेणं सोडलं, पण रोज सकाळी अंगणात जाऊन ती सुरू करायचा आणि बाजूला खुर्ची टाकून बसायचा. आणि एका सकाळी त्याने जाहीर केलं, "औंदा पोळ्यात आपली गाडी उभी करतो. लाल्या-बांड्याच्या जागी."

पोळ्याच्या रांगेत प्रत्येक घराची जागा ठरलेली असते. बैल नसले की ती जागा शेजारच्या जोडीने भरून जाते, कोणी बोलत नाही. आमची भरून गेली होती. गाडी उभी करायची म्हटल्यावर गावातले एक जाणते घरी आले आणि मामाजींना म्हणाले, "पोळा बैलाचा सण हाय, फटफटीचा नाई." मामाजी सुपारी कातरत होते. "दसऱ्याले तुम्ही ट्रॅक्टरले नारळ फोडता तं मी इचारतो का? माह्या घरचा हा बैल हाय. त्याले काय खुरं पाह्यजे?" जाणते हसले आणि म्हणाले, "आना बापा. पन इंजिन बंद ठेवजो, बैल बुजतीन."

इंजिन बंद म्हणजे ती गाडी अविनाशला पायांनी रेटत न्यावी लागणार, आणि तोरणाखाली धरून उभं राहावं लागणार. डाव्या हातात जोर नव्हता, डावा पायही अलीकडे दगा देऊ लागला होता. आणि त्याला दुसऱ्या कोणाचा हात नको होता. एकदा, सगळ्या गावासमोर, ती गाडी त्याला एकट्याने धरायची होती. एवढंच त्याचं मागणं होतं आणि तेच मला द्यायचं नव्हतं. आम्ही भांडलो. "पडली तर?" मी म्हटलं. "तर उचलू." "आणि तुझ्या अंगावर पडली तर?" त्यावर तो माझ्याकडे पाहत शांतपणे म्हणाला, "तू मले आतापासूनच बिछान्यात काऊन टाकतेस?" मी भांडण सोडलं.

पोळ्याच्या दिवशी दुपारी मामाजींनी पेटीतून लाल्याची झूल काढली. आरशाचे तुकडे जडवलेली, कडेला उंदरांनी कुरतडलेली. ती टाकीवरून सीटपर्यंत नीट बसली. हँडलच्या दोन टोकांना शिंगांसारखं बेगड गुंडाळलं, गोल दिव्यावर बाशिंग बांधलं. त्या गाडीला ते इतकं शोभलं की मी राग विसरून हसले. अविनाशने पांढरा सदरा घातला. बटणं मी लावली.

मैदानापर्यंत उतार होता, त्यामुळे तो सहज गेला. तोरणाखाली रांग लागली होती. घुंगरांचे आवाज, शेणाचा आणि झेंडूचा वास, मध्येच कोणीतरी खड्या आवाजात झडती, पोळ्याचं चटकदार कवन, म्हणायचा आणि सगळे ओरडायचे. अविनाश दोन जोड्यांच्या मधे शिरला, उतरला, आणि गाडी सरळ धरून उभा राहिला. आजूबाजूचे बैल मोठाल्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बायकांच्या घोळक्यात उभी होते, पण माझे डोळे फक्त त्याच्या डाव्या गुडघ्यावर होते. तो थरथरत होता. स्टँड लाव, स्टँड लाव, मी मनात म्हणत होते. त्याने लावला नाही. पूजेचं ताट रांगेच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि जोडी-जोडीजवळ थांबत येत होतं.

ताट पोहोचायच्या आधीच गाडी कलायला लागली. अगदी सावकाश. त्याने दात ओठ खाऊन ओढून धरली, खांदा लावला, आणि मला दिसलं की त्याच्या हातातून काहीच जोर येत नाहीये. तो आणि ती एकदमच खाली आले. बाजूचा बैल उधळला, दोघांनी कासरा ओढून त्याला आवरलं. लोक आधी हसले. कोणीतरी ओरडलं, "अबे, सनाच्या दिवशीबी घेतली का?" मग हसणं थांबलं, कारण अविनाश उठत नव्हता. त्याला लागलं नव्हतं. त्याला उठता येत नव्हतं.

चौघांनी गाडी उचलली. अविनाशला मामाजींनी काखेत हात घालून उभं केलं, गुडघे गेलेल्या त्या माणसाने, आणि चिखल झटकला. अविनाश सगळ्यांकडे पाहून म्हणाला, "स्टँड लावाचा राह्यला." सगळे म्हणाले, हो हो, होते असं. गावाने त्या दिवशी ते खोटं किती पटकन मान्य केलं! त्यासाठी मी देवळीची जन्मभर ऋणी आहे. ताट आलं, गाडीला कुंकू लागलं, आणि तोवर मामाजी हँडल धरून उभे राहिले.

दिवाळीनंतर गाडी विकली. अविनाशनेच ठरवलं. नागपूरचा एक दातांचा डॉक्टर छोटा टेम्पो घेऊन आला, तरुण, उत्साही, चाकाजवळ बसून बसून फोटो काढणारा. फळी लावून गाडी वर चढवली, दोरांनी बांधली. मामाजींनी तिच्या दिव्यावर हळदकुंकू लावलं आणि टेम्पो गेला. संध्याकाळी त्या डॉक्टरचा फोन आला. "काका, चाबी राहिली वाटतं तुमच्याकडे?"

राहिली नव्हती, ठेवली होती. चाबी देवघरात होती, गणपतीच्या बाजूला. मामाजींना यात काही चूक वाटत नव्हती. जनावर विकलं तरी दावं विकायचं नसतं, बैल गिऱ्हाइकाच्या दोरीने जातो. घरचं दावं घरात राहिलं म्हणजे त्याला बांधायला दुसरं जनावर येतं. "आमच्यात दावं देत नाई डॉक्टरसायेब," ते फोनवर अगदी समजुतीच्या सुरात सांगत होते, "तुम्ही तुमचं आना." पलीकडे तो बिचारा काय समजला असेल, देव जाणे.

अविनाश हसायला लागला. तोपर्यंत त्याची जीभ जड झाली होती, पण हसू जुनंच होतं, पोटातून येणारं. मीही हसले, मामाजी ओशाळून हसले. मग माझ्या लक्षात आलं की तो थांबत नाहीये. हसता हसता तो रडत होता आणि त्याला दोन्ही आवरत नव्हतं. हासुद्धा आजाराचाच भाग, असं डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं. मला आजही कळलेलं नाही की त्या संध्याकाळी त्यातलं आजाराचं किती होतं आणि त्याचं किती. शेवटी दम घेऊन तो म्हणाला, "देऊन द्या, बाबा. आता काय बांधता?"

मामाजी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने स्वतः नागपूरला गेले, चाबी रुमालात गुंडाळून. अंधार पडायच्या आत परत आले. मी पाणी दिलं. ते म्हणाले, "त्यानं चालू करून दाखवली. चांगली वाजून राह्यली." मग हातपाय धुऊन अविनाशच्या खोलीत जाऊन बसले.

गाडीची ओढ म्हणजे काय हे मला आता थोडं समजतं. मी तिला श्रीमंती समजत होते, मिशांवर ताव मारणं समजत होते. तसं ते होतंही थोडं, कशाला नाकारू? पण आपल्यापेक्षा कितीतरी जड वस्तू आपल्या दोन पायांमध्ये तोलून धरता येते, ती आपलं ऐकते, याचं सुख काय असेल ते मला आता, रोज त्याला कुशीवर वळवताना कळतं. तो इतका हलका झालाय की मला एकटीला उचलता येतो. मला याचा फार राग येतो. ज्या माणसाला वजनाचं वेड होतं त्याचंच वजन असं उतरावं!

आज पोळ्याचा आदला दिवस, खांदमळणीचा. वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे सोललेले असतात. आज संध्याकाळी ते कोमट पाण्याने शेकायचे, हळद-तूप लावून पळसाच्या पानांनी चोळायचे, आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. जोडी विकल्यापासून आमच्या घरी हे बंद होतं. गाडीच्या वर्षीही मामाजींनी केलं नव्हतं. लोखंडाचा खांदा दुखत नाही म्हणाले होते. आज दिवेलागणीला ते वाटीत तूप कोमट करून, पळसाची पानं घेऊन निघाले तेव्हा मला वाटलं, शेजारच्यांच्या गोठ्यात चालले असतील. ते अविनाशच्या खोलीत गेले. "सूनबाई, त्याले जरा बसता कर."

मी पाठीला उशा लावल्या, सदरा काढला. हातांचं ओझं लोंबून लोंबून त्याचे खांदे सांध्यातून निसटल्यासारखे झालेत. कुशीवर वळवताना तेच सर्वांत जास्त दुखतात. मामाजी पलंगाच्या कडेला बसले. आधी ओल्या फडक्याने शेकलं, मग हळद-तूप लावून पानाने सावकाश चोळत राहिले, एक खांदा, मग दुसरा. अविनाशने डोळे मिटून घेतले होते. चोळून झाल्यावर मामाजी त्याच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

होळीपासून अविनाशच्या तोंडात घास गेलेला नाही. पोटात नळी आहे, त्यातून पातळ केलेलं अन्न आम्ही घालतो. मामाजी स्वतः गाळून देतात. गिळायला गेलं तर श्वासनलिकेत जाईल, मग काय होईल ते आम्हा तिघांनाही सांगून झालेलं आहे. मी तडक स्वयंपाकघरात निघून आले. मला त्या म्हाताऱ्याचा संताप आला होता. थोड्या वेळाने ते दारात येऊन उभे राहिले. "पुरनाची डाय काहाडली का उद्यासाठी?"

"मामाजी, त्याला गिळता येत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"मालूम हाय." त्यांच्या बोटांना अजून हळद होती. "आवतन देनं आपलं काम. येनं न येनं त्याचं."

मी आत गेले. अविनाश उशांना टेकून जागाच होता. आता तो फक्त डोळ्यांनी बोलतो. एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. मी विचारलं, "उद्या येशील जेवायला?" तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मला वाटलं, त्याला प्रश्नच कळला नाही. पण त्याचं डोकं लख्ख आहे. मग त्याने डोळे मिटले, उघडले, आणि उघडेच ठेवले. मी पुन्हा विचारलं नाही. स्वयंपाकघरात येऊन पुरणासाठी हरभऱ्याची डाळ काढली, तिघांची.